देव पडला की म्हणायचं, वाकला

पारसशेठनी दोरी कापली, सख्या. बाकी काही लिहायच्या आधी हे लिहितो, कारण आपल्या गावात हे वाक्य आता शिवीसारखं बोललं जातंय. जुन्नरच्या बाजारगल्लीत दोर, चाळण्या आणि बादल्या विकणारे पारसशेठ. सातवीतून शाळा सुटलेल्या मला आगगाडीची भीती वाटते म्हणून स्वतः बरोबर बसून राजस्थानात पालीपर्यंत आलेले आणि आपल्या मेहुण्यांच्या गोदामात मला कामाला लावून गेलेले पारसशेठ. यंदाच्या जत्रेत तुझ्या तोंडावरच्या मुखवट्याची दोरी त्यांनी कापली, तुला टेंपोत घातलं आणि जुन्नरला नेलं. एवढ्या गर्दीत हे करणारा माणूस एकच निघाला, आणि तो गावचा नव्हता.

आता तुझ्याकडं वळतो. मी तुझ्यावर चिडलोय. तुझ्या दहाव्याला येऊन गेलो, परत पालीला पोचलो, गोदामात सुतळीच्या गठ्ठ्यांवर बसून हे लिहितोय आणि राग काही उतरत नाही. लोक म्हणतात, गेलेल्या भावावर, चुलत का असेना, रागावू नये. मग कुणावर रागवायचं? देवावर? देव तर त्या दिवशी तूच झाला होतास.

आपल्या गावाबाहेरच्या माणसाला ही भानगड कळणार नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडं चैत्रात सोंगं निघतात. पांगाऱ्याच्या लाकडाचे मुखवटे, आणि एकेका घराकडं एकेका देवाचा मान. आपल्या घराकडं राखण्याचा. राखण्या म्हणजे कड्यावर उभा राहून गावावर नजर ठेवणारा देव. तो झोपत नाही, बसत नाही, काही मागत नाही, बोलत नाही. म्हणून त्याचा मुखवटा घालणाऱ्यानंही बोलायचं नाही, बसायचं नाही. डोक्यामागं दोरीची गाठ गुरवानं मारायची आणि देवळापुढं आरती झाली की गुरवानंच सोडायची. तोवर सोंगाला कुणी हात लावायचा नाही. आणि चालता चालता सोंग ठेचाळलं, गुडघ्यावर आलं, तर पडलं असं म्हणायचं नाही. म्हणायचं, "देव वाकला!" सगळ्यांनी हात जोडायचे. देव वाकला म्हणजे जमिनीला हात लावून गेला, यंदा भात चांगलं येणार.

आपला आजा एका वर्षी ओढ्याकाठच्या खडकावर असाच आपटला होता, आठवतं? गाव नाचलं. घरी आल्यावर आजी त्याच्या गुडघ्याला हळद भरत होती आणि तो कण्हत म्हणाला, "गुडगा फुटला माजा, आन् भात पिकनार ह्यांचं!" तू इतका हसलास की तुझ्या बापानं, आण्णानं, तुला घराबाहेर काढलं. बाहेर येऊन तू मला म्हणालास, "दाम्या, समदं देव आसंच पडत आसत्याल. फकस्त वर कोन बगायला न्हाई."

तिथून तुझे देव सुरू झाले. पोथीतले नाहीत, देवळातले नाहीत, तुझे स्वतःचे. आपण गुरं घेऊन कड्याखाली बसायचो आणि तू एकेक नवा जन्माला घालायचास. धुक्याचा देव धुकट्या. त्यानं एका सकाळी सगळे डोंगर पांघरुणाखाली झाकले आणि दुपारी काढायला गेला, तर एक डोंगर कुठं ठेवला तेच आठवेना. म्हणून तिथं खिंड आहे. पाण्याची देवी पान्हाळी. तिला दोन्हीकडं सारखं पाणी वाटायचं होतं, पण हात कलला आणि घागर सगळी घाटमाथ्यावर आणि कोकणात सांडली. म्हणून आपल्याकडं पाऊस छपरं फोडतो आणि तिकडं उगवतीला, अवसरीला, ढगाकडं बघून मान दुखते. "त्या लोकांम्होरं ती आजून येत न्हाई," तू सांगायचास. "लाजती."

तुझ्या प्रत्येक देवाला एकच नियम होता. चुकला की त्यानं कड्याच्या टोकावर येऊन ओरडायचं, "चुकलो रं!" आणि खालच्या माणसांनी म्हणायचं, "आसू दे, ये खाली!" मग देव खाली यायचा, माणसं त्याला भाकरी द्यायची, आणि सगळे मिळून जमेल तेवढं निस्तरायचे. तू कड्याकडं तोंड करून "चुकलो रं" ओरडायचास आणि मी खालून उत्तर द्यायचो. हसू नकोस, पण पालीला आल्यावर पहिली कितीतरी वर्षं कुणी मालक ओरडला की माझ्या तोंडात तेच यायचं. चुकलो रं. इथं कुणी "आसू दे, ये" म्हणत नसे, हा भाग वेगळा.

मी एकच देव केला. जाग्या. सगळे देव चुकतात, पण जाग्या चुकत नाही. तो रात्रभर दारात उभा असतो, आणि गावातलं कुणी आजारी असलं, रानात अडकलं, तर त्याला कळतं. माझा बाप गेल्यानंतरची गोष्ट ही. जाग्या म्हणजे आपला राखण्याच, मी नाव बदललं होतं. तू पहिल्या दिवसापासून त्याच्या मागं लागलास.

"त्याचा कवा तरी डोळा लागनारच."

"न्हाई लागत."

"न चुकनारा देव म्हंजी दगूड, दाम्या."

"मंग दगूड तर दगूड. एक तरी न चुकनारा पायजे. न्हाईतर निजायचं कुनाच्या भरवशावर?"

हे भांडण आपण वीस वर्षं ओढलं. मी इकडं आलो तरी सुटलं नाही. बाजाराच्या दिवशी तू जुन्नरला उतरायचास, पारसशेठच्या दुकानातून इथं गोदामात फोन लावायचास आणि खुशाली विचारायच्या आधी म्हणायचास, "जाग्याला पेंग आली का न्हाई?" मागून शेठचा आवाज यायचा. एकदा त्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, "दामू, मला तुमचं हे भांडण ऐकून ऐकून पाठ झालंय. आम्हा जैनांकडचं सांगू का? आमचे देव डोळे मिटून नुसते बसलेत. कुणाच्या कशात पडत नाहीत, म्हणून चुकत नाहीत."

तू मागून ओरडलास, "शेठ, मंग त्यांचा उपेग काय?"

"तेच तर," शेठ म्हणाले. "भाकरी मागायलाही येत नाहीत. स्वस्तात पडतात."

किती हसलो होतो तिघं. मी इथं, तुम्ही तिथं, आणि मध्ये फोनची तार. घरापासून एवढ्या लांब असल्यासारखं त्या दिवशी वाटलं नाही.

नंतर तुझ्याकडं मोबाईल आला. जत्रेच्या आधी तुझा शेवटचा फोन. रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर चढला होतास आणि धापा टाकत होतास. मी विचारलंसुद्धा, एवढा का धापतोस? तर म्हणालास, "वय झालं, राव." पस्तिशी उलटली नव्हती तुझी. आणि मग म्हणालास, "जाग्या कसा चुकला त्ये सापडलंय मला. लई झ्याक गोष्ट हाय. तू रडशील आन् हसशीलबी."

"सांग की."

"आत्ता न्हाई. राब भाजाय ये, तवा सांगतो. फोनवर सांगायची गोष्ट न्हवं ती."

भातासाठी राब भाजायच्या दिवसांत आपण दोघं धुरात बसून बोलायचो, म्हणून. मी तिकीट काढून ठेवलं होतं. त्या तिकिटाऐवजी दुसरं काढून तुझ्या दहाव्याला आलो.

जत्रेत काय झालं ते मला पारसशेठनी सांगितलं आणि तुझ्या बायकोनं, हिरा वहिनीनं, सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. आदल्या दिवसापासून तुझ्या छातीत जड होतं. वहिनी म्हणाली, "दवाखान्यात चला." तू म्हणालास, "वारा धरलाय," आणि ओवा चावून सोंगाला गेलास. उन्हं कलली होती. संबळ वाजत होतं. पारसशेठ दरवर्षीप्रमाणे शाळेच्या भिंतीशी टेंपो लावून बादल्या-चाळण्या मांडून उभे होते. राखण्याची दोरी दर जत्रेला त्यांच्याच दुकानातून येते, नवी कोरी, गावाला भेट म्हणून. तीच तुझ्या डोक्यामागं आवळलेली होती.

देवळाच्या अलीकडं तुझ्या हातातली काठी गळाली. तू छातीला हात लावलास आणि गुडघ्यावर आलास.

"देव वाकला!" कुणीतरी ओरडलं. हात जोडले गेले. संबळवाल्यानं ठेका वाढवला.

तू उठायला गेलास आणि कुशीवर पडलास. हातपाय थरथरायला लागले. मग काय, बघायलाच नको. "अंगात आलं! राखण्या आला!" बाया तांदूळ उधळायला लागल्या. लेकरांना तुझ्या पायाशी लोटायला लागल्या. शेठ टेंपोच्या फाळक्यावर उभे होते, त्यांना वरून तुझा हात दिसत होता. ते मला म्हणाले, "दामू, नखं निळी पडत होती. देवाची नखं निळी पडतात का, मला माहीत नाही. माणसाची पडतात ते माहीत आहे."

ते खाली उतरले, गर्दीत घुसले आणि गुरवाला म्हणाले, "गाठ सोडा." गुरव म्हणाला, "आरती व्हायचीय." ते म्हणाले, "अहो, माणूस मरतोय आत." कुणीतरी त्यांची कॉलर धरली. त्यांच्या खिशात दोर कापायची सुरी असतेच. त्यांनी कापली. मुखवटा बाजूला झाला आणि तुझा चेहरा दिसला, तेव्हा म्हणे संबळ थांबलं. तेव्हासुद्धा वहिनीशिवाय कुणी पुढं आलं नाही. वहिनीनं पाय धरले, शेठनी खांदे धरले आणि तुला बादल्यांच्या मध्ये टेंपोत ठेवलं.

घाटाखाली आल्यावर तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "गाठ लई घट्ट बसली व्हती, शेठ." बस. पुढं बोलला नाहीस. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

थोडं आधी म्हणजे कधी, सख्या? तांदूळ उधळत होते तेव्हा.

माझा राग गावावर आहेच. पण गावाला तू मरतोयस हे कळलंच नाही, त्यांना देव दिसत होता. तुला तर कळत होतं ना? मुखवट्याच्या ओठांत फट असते, श्वासाला. मी घालून पाहिलाय तो, आतला शब्द बाहेर येतो. तिथून "आण्णा" एवढं म्हटलं असतंस, "पानी" म्हटलं असतंस. जन्मभर तू देवांना ओरडायला शिकवलंस. धुकट्याला शिकवलंस, पान्हाळीला शिकवलंस, एकालाही सुटी दिली नाहीस. आणि स्वतःवर आली तेव्हा मुकाट राहिलास? सोंगाचा नियम म्हणून? आज्याच्या गुडघ्याला हसणारा तू, आणि तू नियम पाळलास? मला हे सहन होत नाही. तुला बोलायचं नव्हतं की बोलता येत नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

दहाव्याला पारसशेठ आले होते. टेंपो लांब लावून वहाणा टेंपोतच काढल्या आणि अनवाणी आले. अंगणाच्या कडेला उभे राहिले. त्यांना कुणी "या" म्हटलं नाही, बसायला पोतं टाकलं नाही, पाणी दिलं नाही. सरपंचाचा भाऊ मुद्दाम ऐकू जाईल असा म्हणाला, "वहाना घालून सोंगाच्या वाटंत आला ह्यो. आरतीच्या आधी देव उघडा केला. राखण्या कोपनार न्हाई तर काय?" दुसरा म्हणाला, "पुढल्या सालापासनं दोरी मंचरहून आनू."

मी तांब्या भरला आणि शेठकडं घेऊन गेलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. चार माणसांत उठून नुसतं पाणी प्यायचं म्हटलं तरी मला नको वाटतं. अर्धं पाणी अंगणातच सांडलं. शेठ हळूच म्हणाले, "दामू, तू परत बस. उगाच तुझ्यावर यायचं."

"शेठ, पाणी घ्या."

"दोरी माझ्या दुकानातली होती," ते म्हणाले. "ती कापायला मला कुणाला विचारायचं नव्हतं. पण उशीर केला मी. कॉलर धरली तेव्हा मी घाबरलो." आणि ते रडायला लागले. साठीचा माणूस, आपल्या अंगणाच्या कडेला.

पाहुणे गेल्यावर मी गोठ्याकडं आण्णाजवळ गेलो. तुझा बाप म्हणून मी त्यांच्यापुढं कधी मान वर केली नाही, पण त्या दिवशी केली. म्हटलं, "आण्णा, शेठला गाव आसं बोलतंय. तुमी एक शबूद बोला. तुमचं ऐकत्यात."

ते म्हणाले, "त्यानं देव उघडा केला, दामू."

"त्यो देव न्हवता, आण्णा. सख्या व्हता."

मला वाटलं मारतील. त्यांनी गव्हाणीवर हात ठेवला. मग म्हणाले, "पैल्यांदा कोन वरडलं, ठावं हाय का तुला? देव वाकला म्हनून?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"मी वरडलो. मी त्याच्या शेजारी चालत व्हतो. म्या बगितलं त्याला पडताना. बाप हाय मी, माज्या ध्येनात याया पायजे व्हतं. आन् म्या हात जोडलं." एवढं बोलून ते बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभे राहिले.

त्यांच्यावरचा माझा राग तिथंच सांडला, तांब्यातल्या पाण्यासारखा. दोष शेठचा नसेल तर त्यांना तो स्वतःजवळ ठेवावा लागतो, आणि तेवढी ताकद त्यांच्यात आता नाही. ज्या माणसाला आपण लहानपणी कड्याएवढा समजत होतो, तो बैलाच्या आधारानं उभा होता. मला "आसू दे" म्हणायचं होतं. न म्हणताच मी गोठ्यातून बाहेर आलो. तूच सांग, ते म्हणणं कुणाचं काम होतं? तुझं होतं. तू नाहीस.

पण म्हणून शेठनी का सोसायचं? गावातला एकही माणूस आता त्यांच्या दुकानाची पायरी चढत नाही. आळेफाट्यापर्यंत कुजबुज गेली की जुन्नरच्या दोरवाल्यानं देवाला हात लावला आणि देवानं बळी घेतला. काल फोनवर वहिनी सांगत होती की तिनं बादली त्यांच्याकडूनच घेतली, मुद्दाम भर बाजारात, आणि येताना एसटीत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. "बसू नका म्हनावं," ती म्हणाली. "बादली ठिवाय जागा झाली." तुझी बायको तुझ्यापेक्षा धीट निघाली, सख्या.

तुझी ती गोष्ट मला ऐकायला मिळाली नाही. जाग्या कसा चुकला. गोदामात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी ती जुळवायला बसतो. आता मला वाटतं, जाग्याला सगळं यायचं, फक्त "चुकलो" म्हणता येत नव्हतं, म्हणून तो एकटाच कड्यावर राहिला आणि त्याला कुणी भाकरी दिली नाही. पण हे मी केलेलं. तुझी गोष्ट यापेक्षा चांगली असणार आणि हसवणारी असणार. तू ती घेऊन गेलास याबद्दलही मी चिडलोय. वाद तू जिंकलास, हे मात्र कबूल करतो. न चुकणारा कुणी नाही. मी तुलाच तसा समजत होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं परक्या गावात मी निवांत निजायचो ते तुझ्या भरवशावर. तुला माहीत असतं तर तू हसला असतास, आणि कदाचित दवाखान्यातही गेला असतास.

तुझा पोरगा अजून लहान आहे. मुखवट्याचा मान पुढच्या चैत्रात माझ्याकडं येतो, तसं आण्णांनी निघताना सांगितलं. मी हो म्हणालो. मालक रजा देईल का, गाव ऐकेल का, गुरव मध्ये पडेल का, रोज यातलं काहीतरी नव्यानं सुचतं. पण मी ठरवलंय.

मी एक दिवस आधी जुन्नरला उतरीन. बाजारगल्लीत जाईन आणि शेठना म्हणेन, दोरी द्या, आणि तुम्हीही चला. ते नको म्हणतील. मी पायरीवर बसून राहीन, तेवढं मला जमतं. गावात आल्यावर मुखवटा तोंडाला लावायच्या आधी आण्णांच्या आणि सगळ्या गावाच्या देखत सांगीन, की ही गाठ ज्यानं तोडली त्यानंच बांधायची, नाहीतर राखण्या या घरातून निघणार नाही. आणि आत शिरल्यावर मी पडलो तर ओरडणार आहे. फटीतून, जेवढा आवाज असेल तेवढ्यानं. चुकलो रं. मग कुणाला वाकला म्हणायचं असेल तर म्हणू दे.

पारसशेठनी मला आगगाडीत बसवलं आणि तुला मुखवट्यातून काढलं. मला बसवलेलं फेडायला मी आयुष्यभर गोदामात राबेन. पण तुझं फेडायचं तर त्यांची बोटं माझ्या डोक्यामागं पाहिजेत, गाठ मारताना, आणि गाव बघत पाहिजे. तेवढं मी करीन, सख्या. ते म्हणतील सैल बांधतो. मी म्हणेन, बांधा शेठ, तुमच्या हातानं बांधा.